ओटी पिवळी आली, पण सामू पाहिला का?

मा. संपादक,

पावसाळ्यात गावोगाव विहिरीत टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकली जाते आणि मग पाण्यातला क्लोरीन पाहण्यासाठी ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी होते. नळीत पिवळा रंग आला की काम झाले असे धरतात. ही चाचणी क्लोरीन किती ते सांगते, तो कोणत्या रूपात आहे ते सांगत नाही. जंतू मरण्याचा वेग तर बराचसा त्या रूपावरच ठरतो.

पावडर पाण्यात विरघळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. हे सौम्य आम्ल आहे. विचरण स्थिरांक (आम्ल किती सहज प्रोटॉन सोडते त्याचे माप) सुमारे ३ × १०⁻⁸, म्हणजे पीकेए (त्याच मापाचा ऋण लॉगरिदम) साधारण ७.५. सामू (पीएच, पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा; तो जितका कमी तितके पाणी आम्लधर्मी) ७.५ असेल तर निम्मे रेणू प्रोटॉन सोडून हायपोक्लोराइट आयन झालेले असतात. सामू ७ ला सुमारे ७६ टक्के आम्ल शाबूत राहते, ८ ला २४ टक्के, ८.५ ला जेमतेम ९. भार नसलेला आम्लाचा रेणू जंतूच्या पेशीत सहज शिरतो. आयनावर ऋणभार आणि जंतूच्या पृष्ठभागावरही ऋणभार, त्यामुळे तो बाहेरच अडतो. ओटीला हा फरक दिसत नाही, कारण तिचे द्रावणच तीव्र आम्लात केलेले असते. नळीत पडताच सगळे आयन प्रोटॉन परत घेतात आणि रंग तेवढाच गडद येतो!

आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सामू ६.५ ते ८.५ चालतो. दोन्ही टोकांचे पाणी उत्तीर्ण, पण त्यातल्या शाबूत आम्लात दहापट फरक.

म्हणून नोंदवहीत ओटीशेजारी सामूचा रकाना हवा. सामूपट्टी स्वस्त असते. सामू ८ च्या आत असेल तर अर्ध्या तासानंतर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला पाहिजे. ८ च्या वर गेला तर पाणी उपसण्याआधी जास्त वेळ थांबावे. चांगल्या, ३३ टक्के क्लोरीनच्या पावडरीचे प्रमाण हजार लिटरला २.५ ग्रॅम, ४ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असेल तर सुमारे ९५ ग्रॅम. पाऊस झाला की पाण्याची उंची पुन्हा मोजावी. दमट खोलीत उघड्या पडलेल्या पोत्याला हा हिशेब लागू नाही, त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळीच विहिरीत सोडावी.

सामू उतरवण्यासाठी त्या बादलीत कोणतेही आम्ल मात्र ओतू नये. क्लोरीन वायू सुटतो आणि तो थेट फुप्फुसांवर घाव घालतो.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक