इंजिन बदलण्याआधी ते कशामुळे गेलं, हे लिहून घ्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुनी गाडी घेताना काय काय पाहावं, हे वर्तमानपत्रांतून बरंच छापून येतं. पण घेतलेल्या गाडीचं इंजिन गेलं तर पुढे काय करायचं, यावर फारसं कुणी लिहीत नाही. मालक खरा गोंधळतो तो तेव्हाच. गाडी गॅरेजमध्ये उघडून ठेवलेली असते, त्याच्या हातात एक काळं पडलेलं बेअरिंग देतात आणि सांगतात, "इंजिन संपलंय, बदलावं लागेल." त्यावर काय विचारायचं हेच त्याला सुचत नाही, आणि तो मान डोलावतो.

मी इंजिनांचं मशिनिंग करते. सिलिंडर बोअर करणं (आतून कापून मोठा करणं), होनिंग (त्याची भिंत घासून नीट करणं), क्रँक ग्राइंडिंग (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा घासून मापात आणणं), हेड फेस करणं (इंजिनाच्या वरच्या झाकणासारख्या भागाचा तळ सपाट करणं) हे माझं रोजचं काम. वडिलांच्या हाताखाली शिकले आणि आता त्यांचंच मशीन चालवते. गॅरेजवाले खोललेले भाग माझ्याकडे पाठवतात, त्यामुळे मालकाला कधीच न दिसणाऱ्या गोष्टी माझ्या टेबलावर येतात. त्या पाहूनच हे पत्र लिहिते आहे. इंजिन बांधून घ्या किंवा दुसरं बसवा, पण ते कशामुळे गेलं हे मापांसकट कागदावर आल्याशिवाय कशालाच होकार देऊ नका.

'इंजिन संपलंय' या एका वाक्यात अगदी वेगवेगळे बिघाड कोंबलेले असतात. वॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या वॉल्व्हवर आदळतो आणि वॉल्व्ह वाकतात. आवाज भयंकर येतो, गाडी जागीच बंद पडते, मालकाला वाटतं सगळं गेलं. प्रत्यक्षात अनेकदा नुकसान हेडपुरतंच असतं. पिस्टनच्या माथ्यावर खुणा उमटलेल्या असतात, पण सिलिंडर, क्रँक, खालची बेअरिंगं धडधाकट असतात. पिस्टन आणि त्याला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तपासले, हेडमध्ये नवे वॉल्व्ह आणि गाइड (वॉल्व्ह ज्यांत सरकतात त्या नळ्या) बसवले, सीट (वॉल्व्ह टेकतात त्या कडा) कापून घेतल्या की ते इंजिन पुन्हा चालतं. अशी इंजिनं अख्खी भंगारात जाताना मी पाहते, तेव्हा मनापासून वाईट वाटतं.

गाडी तापली आणि हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधला सीलचा पत्रा, गेलं, हा प्रकार तर नेहमीचा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, सिलिंडर असलेला खालचा ब्लॉक पुष्कळ गाड्यांत बिडाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट पसरतं. दोन्ही बोल्टांनी एकमेकांना जखडलेले असल्यामुळे हेडला हवं तसं पसरता येत नाही आणि ते वाकतं. लहान इंजिनांच्या हेडला बऱ्याचदा 0.05 मिलिमीटरच्या आसपासच वाक चालतो. डोक्याचा केसही सहसा याहून जाड असतो. त्यामुळे डोळ्यांनी पाहून 'हेड सरळ आहे' असं कुणालाच म्हणता येणार नाही. सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालून फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पात) घालून पाहावं लागतं, आणि ब्लॉकचा माथाही तसाच तपासावा लागतो. ब्लॉक न तपासता नुसतं हेड फेस करून नवं गॅस्केट टाकलं की तीच गाडी तेच दुखणं घेऊन परत येते.

इथे गॅस्केट हा परिणाम असतो. कारण सापडतं थर्मोस्टॅटमध्ये, वॉटर पंपाच्या झिजलेल्या पात्यांत, न फिरणाऱ्या पंख्यात किंवा बुजलेल्या रेडिएटरमध्ये. जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी. विकणाऱ्याने आधीची गळती लपवायला कूलंटमध्ये गळतीबंद पूड टाकलेली असू शकते. ती पूड गळतीच्या भोकाबरोबर रेडिएटरच्या अरुंद नळ्याही बुजवते. त्या रेडिएटरवर कितीही चांगलं इंजिन बसवलं तरी तेही तापणारच.

सर्वांत जास्त तळमळ मला बेअरिंगांबद्दल वाटते. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात फट असते मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी, आणि इंजिन चालू असताना त्या फटीत दाबाखालच्या ऑइलचा थर धातूला धातू लागू देत नाही. तो थर तुटला की काही क्षणांत बेअरिंग घासलं जातं आणि त्याचा कीस ऑइलबरोबर सगळीकडे फिरतो. फिल्टर बराचसा अडवतो. पण फिल्टर तुंबला की ऑइल पुरवठा बंद पडू नये म्हणून बायपास वॉल्व्ह उघडतो, आणि मग न गाळलेलं ऑइल कीसासकट पुढे जातं. ऑइल कूलरच्या बारीक वाटांत, टर्बोच्या नळीत, ब्लॉकच्या ऑइल गॅलरीत तो कीस जाऊन बसतो. माझ्याकडे आलेल्या एका इंजिनाची हकीकत हीच होती. मालकाने पहिलं इंजिन काढून दुसरं बसवून घेतलं, गॅरेजने कूलर मात्र जुनाच ठेवला. बसवलेलं इंजिन थोडे दिवस छान चाललं, मग पहिल्यासारखंच खडखडू लागलं. ते उघडल्यावर त्याच्या बेअरिंगांत बाहेरून आलेला कीस रुतलेला स्पष्ट दिसत होता. इंजिन विकणाऱ्याला बोल लावला गेला. खरं तर कूलर बदलला असता तर ते इंजिन आजही चाललं असतं. बेअरिंग फुटून गेलेल्या इंजिनाचा कूलर धुऊन साफ झाला, यावर मी विश्वास ठेवत नाही. तो बदलावाच.

बेअरिंगं वाचता येतात, हे मालकांनी लक्षात ठेवावं. सगळीच बेअरिंगं सारखी पुसली गेली असतील तर ऑइल कमी पडलं किंवा दाब गेला. तेव्हा ऑइल पंप आणि सम्पमधली, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भांड्यातली, जाळी तपासायची. आधीच्या कुणीतरी सम्प बसवताना सीलंट भरमसाट लावलेलं असतं आणि त्याचे तुकडे जाळीत अडकलेले असतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. एकाच रॉडचं बेअरिंग एका कडेला जास्त घासलं असेल तर तो रॉड वाकलेला असण्याची शक्यता मोठी. आणि पृष्ठभागावर बारीक खडे रुतल्यासारखं दिसलं तर घाण आत गेली आहे, मग एअर फिल्टर किंवा आधीच्या कामातली अस्वच्छता शोधायची.

वाकलेला रॉड बहुधा पाण्याची देणगी असते. साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना इंजिन हवेबरोबर पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग वर येणाऱ्या पिस्टनचा सगळा जोर रॉडवर पडतो. रॉड थोडासाच वाकला तर पाणी काढून, प्लग सुकवून गाडी सुरूही होते आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पुढे कधीतरी तोच रॉड तुटून ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर येतो, तोवर गाडी दुसऱ्याच माणसाच्या नावावर झालेली असते. म्हणून पाण्यात बंद पडलेल्या गाडीत प्रत्येक पिस्टन सर्वांत वर आला की ब्लॉकच्या माथ्यापासून किती खाली राहतो, हे डायल गेजने मोजावं. वाकलेल्या रॉडचा पिस्टन इतरांपेक्षा खाली राहतो.

इंजिन न खोलताही पुष्कळ कळतं, आणि इंजिन फिरत असेल तर हे आधी करून घ्यावं. सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन टेस्टमध्ये नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक बोलका असतो. पेट्रोल इंजिनाच्या कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेला, तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. लीक-डाउन टेस्टमध्ये सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडतात आणि ती कुठून निसटते ते ऐकतात. सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट किंवा तडा. ही तपासणी मालकाने शेजारी उभं राहून पाहावी. त्यात न समजण्यासारखं काहीही नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण प्रत्येक इंजिन वाचवा असं माझं म्हणणं नाही. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, दोन सिलिंडरांच्या मधल्या भिंतीला तडा असेल, क्रँक आधीच शेवटच्या अंडरसाइजपर्यंत (घासून लहान करता येणाऱ्या शेवटच्या मापापर्यंत) ग्राइंड झालेला असेल, तर दुसरं इंजिन बसवणंच शहाणपणाचं. काही ॲल्युमिनियम ब्लॉकच्या सिलिंडरांना आतून खास लेप असतो आणि त्यांना ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन मिळतच नाहीत. तिथे मीच हात जोडून नाही म्हणते.

दुसरं इंजिन घेताना 'कमी चाललेलं आहे' या बोलण्याला पुरावा मागा. ते अजून गाडीतच असेल तर तिथेच कॉम्प्रेशन बघा. बाहेर काढलेलं असेल तर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहा, वॉल्व्ह कव्हर काढून आत काळा गाळ आहे का पाहा, ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्यांत चमकणारा कीस शोधा. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंती पाहता येतात. पुरात बुडालेल्या गाडीचं इंजिन असेल तर मी ते घेणार नाही. इंजिनाचा कोड तोच हवा, नुसतं मॉडेलचं नाव जुळून भागत नाही, कारण सेन्सर, वायरिंग आणि कंट्रोल युनिट वेगळं असू शकतं. नोंदणीच्या कागदावर इंजिन क्रमांक असेल तर त्या बदलाचीही रीतसर नोंद करावी. आणि इंजिन बाहेर आहे तोवरच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि क्रँकचं मागचं सील नवं टाकून घ्या. नंतर त्याच सीलसाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

इंजिन बांधून घेणार असाल तर एक आग्रह धरा. पिस्टन आधी आणायचे, बोअर नंतर करायचा. 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज हे डब्यावरचं माप झालं. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याच्या हिशेबाने बोअर करावा लागतो. नुसता ब्लॉक पाठवून 'एक साइज मारून ठेवा' असं सांगणारे मेकॅनिक येतात, त्यांना मी परत पाठवते. घट्ट करताना ताणले जाणारे हेड बोल्ट पुन्हा वापरू नयेत. आणि बांधलेल्या इंजिनाचं पहिलं ऑइल व फिल्टर लवकर बदलावं, कारण सुरुवातीचा कीस त्यातच उतरतो.

कागदावर काय हवं, तर प्रत्येक सिलिंडरचं वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी घेतलेलं माप, क्रँकच्या प्रत्येक जर्नलचं (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचं) माप, हेडचा वाक, बेअरिंगची फट, कंपनीने दिलेली मर्यादा आणि शेवटी बिघाडाचं कारण. नीट काम करणाऱ्या कुठल्याही गॅरेजकडे हे आकडे असतातच, नाहीतर त्याने निर्णय कशावरून घेतला? ते ग्राहकाला देणं जड का जावं, हे मला कळत नाही.

आणखी एक. काढलेले भाग मालकाने परत मागून घ्यावेत, आणि गॅरेजने ते एका गोणीत एकत्र कोंबून देऊ नयेत. प्रत्येक बेअरिंगच्या पाठीवर खोडता न येणाऱ्या पेनने सिलिंडरचा क्रमांक आणि वरचं की खालचं हे लिहावं. हे लिहायला मिनिटही लागत नाही. क्रमांक नसलेली बेअरिंगं घेऊन लोक माझ्याकडे कारण विचारायला येतात, तेव्हा ती जिथे घासली गेली ती जागाच कळायला मार्ग नसतो.

आपली,
इंजिन मशिनिंगच्या व्यवसायातील एक वाचक