तक्रार: जीएसटी कमी झाला आणि तुम्ही 'धंदा पडला' म्हणून छापलंत, ते दुरुस्त करा

प्रति,
मॅनेजमेंट आणि तो इंडेक्स काढणारी टीम,

पंधरा मिनिटांपूर्वी तुमच्या सपोर्टचा फोन ठेवला आणि हे लिहायला बसलोय. तिकीट चार वेळा उघडलं, चारही वेळा मला न विचारता 'सोडवलं' म्हणून बंद केलंत, म्हणून आता सपोर्टला नाही, थेट तुम्हाला.

विषय तुमचा दर महिन्याचा छोट्या उद्योगांचा इंडेक्स. तुमच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून आमचा हिशोब क्लाउडवर जातो, त्यातली विक्री एकत्र करून तुम्ही 'देशाच्या छोट्या उद्योगांची नाडी' म्हणून छापता तो. नोव्हेंबर 2025 च्या अंकात ट्रॅक्टरचे पार्ट बनवणाऱ्या छोट्या युनिटची विक्री ऑगस्टपेक्षा घटली असं लिहून खाली लाल बाण काढलाय. ते चूक आहे. नुसतं माझ्यापुरतं चूक नाही, काढायची पद्धतच चूक आहे.

माझं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे, ट्रॅक्टरचं ट्रान्समिशन हाउसिंग करतो. कास्टिंग घ्यायचं, मशिनिंग करायचं, तयार माल द्यायचा. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरच्या ह्या पार्टवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला. तुम्हाला माहीतच आहे, कारण रेट बदलायचा अपडेट तुम्हीच पाठवला होता. ऑगस्टला माझे 412 नग गेले, 6,000 रुपये बेसिक, म्हणजे टॅक्सआधीचा भाव, 24 लाख 72 हजार, त्यावर 18 टक्के धरून बिलं झाली 29 लाख 16 हजार 960. नोव्हेंबरला 421 नग, भाव तोच, 25 लाख 26 हजार, त्यावर 5 टक्के धरून 26 लाख 52 हजार 300. नग वाढले, बेसिक विक्री 2 टक्क्यांनी वाढली आणि तुमचा डॅशबोर्ड मला सांगतो 'तुमची विक्री 9 टक्क्यांनी घटली, तुमच्या क्षेत्राचा कल असाच आहे'.

म्हणजे तुम्ही टॅक्स धरून बिलाची एकूण रक्कम मोजताय. 118 चं बिल 105 चं झालं की तुमच्या हिशोबात धंदा 11 टक्क्यांनी पडला. आमच्या लाइनमधल्या सगळ्यांचा रेट एकाच दिवशी बदलला, त्यामुळे सगळ्यांची विक्री तुमच्याकडे एकदमच खाली गेली आणि त्यालाच तुम्ही कल म्हणताय. टॅक्स हा माझा पैसा नाहीच, सरकारचा आहे, मी फक्त गोळा करून भरतो. हे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचं पोरगं सांगेल आणि तुम्ही तर अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर विकता! करपात्र रक्कम तुमच्याच व्हाउचरमध्ये वेगळ्या ओळीत आहे, तुमच्याच जीएसटी रिपोर्टमध्ये वेगळ्या कॉलममध्ये आहे, मग इंडेक्सलाच ती का घेता येत नाही?

ह्याने काय झालं ते सांगतो. डिसेंबरमध्ये सीसी लिमिटच्या, म्हणजे धंद्याच्या कॅश क्रेडिट कर्जमर्यादेच्या, रिन्यूअलला बँकेत गेलो. वाढवून मागितलं होतं, कारण टूल, इन्सर्ट, कुलंट सगळं 18 टक्क्याने घ्यायचं आणि विकायचं 5 ने, खरेदीवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट साठत चाललंय, रिफंड येईपर्यंत पैसा अडकलेला. साहेबांनी माझी बॅलन्स शीट बाजूला ठेवली आणि तुमच्या इंडेक्सचं पान दाखवलं, म्हणाले तुमचं सेक्टरच डाउन दाखवतंय, वाढ सोडा, आहे तेवढंच ठेवायचं का ह्याचाच विचार चाललाय. मी म्हटलं साहेब माझी चलनं बघा, नग बघा. ते म्हणाले हा देशाचा आकडा आहे. माझ्याच बिलांवरून काढलेला चुकीचा आकडा माझ्याच विरोधात वापरला गेला.

आता आजच्या फोनबद्दल. तुमच्या माणसाला मी हेच सगळं सांगितलं, शांतपणे, 118 आणि 105 दोनदा सांगितलं. तो म्हणाला, सर तुमचा डेटा पूर्ण सुरक्षित आहे. मी म्हटलं सुरक्षिततेबद्दल मी विचारलंच नाही, मोजणीबद्दल विचारतोय. मग म्हणाला, सर सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करून परत टाकून बघा. देशाचा इंडेक्स माझा कॉम्प्युटर फॉरमॅट करून सुधारणार आहे का? मग मला होल्डवर ठेवलं, चौदा मिनिटं, मी घड्याळ लावून बसलो होतो, बाहेर माल भरायला टेम्पो उभा. मग सीनियर म्हणून कोणीतरी आले, त्यांनी मला पहिल्यापासून सांगायला लावलं, मी परत पहिल्यापासून सांगितलं, ऑगस्ट, नोव्हेंबर, 412, 421. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुमच्या एका वर्कशॉपने देशाच्या आकड्याला काय फरक पडणार आहे?" मी म्हटलं रेट माझ्या एकट्याचा बदललाय का? तर म्हणाले, "तुम्ही इकॉनॉमिस्ट आहात का? ते आमची डेटा टीम बघते, तुम्ही टेन्शन घेऊ नका." आणि तिकीट बंद.

नाही, मी इकॉनॉमिस्ट नाही. मी डिप्लोमा मेकॅनिकल आहे, सव्वीस वर्षं मशीनवर उभा आहे. पण मायक्रोमीटरचा झीरो चुकला तर एक नग नाही, अख्खा लॉट रिजेक्ट होतो, हे मला कळतं. आणि माझ्या एका वर्कशॉपने काही फरक पडत नसेल तर माझा डेटा घेता कशाला? आमच्यासारख्या एकेकट्यांचाच तर तो आकडा बनलाय.

मला ह्याचं जास्त वाईट वाटतंय कारण ही कल्पना मला मनापासून पटली होती. इंडेक्ससाठी डेटा द्यायच्या संमतीचा चौकोन आला तेव्हा मी वाचून टिक केलं, आमच्या असोसिएशनमधल्या आणखी सहा-सात जणांना करायला लावलं. सरकारी आकडा उशिरा येतो, जुलै ते सप्टेंबरचा जीडीपी 28 नोव्हेंबरला आला, 8.2 टक्के वाढ. आणि नोटबंदीनंतर किती अर्थतज्ज्ञ ओरडून सांगत होते की तिमाही आकड्यात छोट्यांचा भाग बराचसा मोठ्या कंपन्यांवरून अंदाजाने धरतात, त्यामुळे छोटा मेला तरी कागदावर दिसत नाही. ती पोकळी आमच्या वह्या भरू शकतात. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात झीरो (Xero) ह्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या कंपनीने असा इंडेक्स काढला, त्यात विक्री, नोकऱ्या, पगार आणि बिलाचे पैसे यायला लागणारे दिवस असं वेगवेगळं बघितलं. आणि करांचं म्हणाल तर दिल्लीतले आकडेवालेसुद्धा जीव्हीए, म्हणजे एकूण मूल्यवर्धन, आधी काढतात, वस्तूंवरचे कर त्यात मिळवून आणि सबसिडी वजा करून मग जीडीपी. त्यांनी कर वेगळा ठेवला, तुम्ही ठेवला नाही.

बाकीच्या चुकाही लिहून ठेवतो. 2024 ला लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या शेवटाला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला होतं, 2025 ला 20-21 ऑक्टोबरला. दिवाळीचा आठवडा शॉप बंद असतं, मग ऑक्टोबर 2025 ऑक्टोबर 2024 शी सरळ लावून 'मंदी' कशी म्हणता? पैसे यायला सरासरी 34 दिवस लागतात असं छापलंय. मोठी पार्टी आम्हाला एकरकमी पैसे टाकते, कुठल्या बिलाचे ते सांगत नाही, आमचा मुलगा ते ऑन अकाउंट टाकतो आणि सवड मिळाली की बिलांना लावतो. न लावलेली बिलं तुम्ही गाळताय की काय करताय? माझे पैसे 110 दिवसांनी येतात. कायदा 45 दिवस म्हणतो, तुमचा 34 वाचून कोणीतरी म्हणेल कायदा छान चाललाय. आणि ज्याने तुमच्या सॉफ्टवेअरचं लायसन रिन्यू केलं नाही त्याची विक्री शून्य धरता की त्याला यादीतून काढता? हा प्रश्न मी दोनदा विचारला, दोन्ही वेळा उत्तर नाही.

आणि 'देशाची नाडी' हे शब्द काढा. सरकारच्याच 2023-24 च्या सर्व्हेत बांधकाम सोडून असे 7 कोटी 34 लाख नोंदणीकृत कंपनी नसलेले छोटे धंदे निघाले. माझ्या गेटसमोरचा चहावाला, घरी डिबरिंग, म्हणजे पार्टच्या खरबरीत कडा घासून, करून देणाऱ्या बायका, पॅटर्न बनवणारे मिस्त्री, ह्यांच्यातलं कोण तुमचं सॉफ्टवेअर वापरतं? ज्यांना कॉम्प्युटर आणि अकाउंटंट परवडतो त्यांचा हा आकडा आहे, तसं पहिल्या ओळीत लिहा.

मला पुढचं हवंय आणि लेखी हवंय. विक्री टॅक्स वगळून मोजा, परत सांगतो, टॅक्स वगळून. सप्टेंबरपासूनचे सगळे अंक त्या हिशोबाने परत काढा आणि चूक झाली होती असं त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. किती युनिट मोजली, कुठल्या धंद्यातली, सणाचा फरक कसा काढला, ते उघड करा. आणि ट्रॅक्टर पार्टचा नोव्हेंबरचा आकडा चुकीचा होता असं तुमच्या लेटरहेडवर मला द्या, बँकेत दाखवायला.

हे होईपर्यंत माझी संमती मी आजच काढून घेतली आहे, त्या सहा-सात जणांनाही आज रात्री फोन करतोय. लायसन 31 मार्चला संपतं. 2014 पासून तुमचाच ग्राहक आहे, 1 जुलै 2017 ला जीएसटी सुरू झाला तेव्हा तुमचा माणूस रात्री साडेअकरापर्यंत आमच्या ऑफिसात बसून आयटम मास्टर बदलून देत होता, जेवायला थांब म्हटलं तरी थांबला नाही, अजून दोन शॉपवर जायचं होतं त्याला. त्या कंपनीला मी हे पत्र लिहितोय, तिकीट बंद करणाऱ्या कंपनीला नाही.

फोन करू नका, मेलवर उत्तर द्या. बँकेत मला 19 तारखेला परत बोलावलंय, पत्र त्याच्या आधी पाहिजे.

एक ग्राहक,
शिरोली, कोल्हापूर