लस लवकर आली, ती कशामुळे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोविड-१९वरील लसी वर्षभराच्या आत तयार झाल्या, त्या अर्थी कुठेतरी पाणी मुरत असले पाहिजे, ही शंका आजही अनेक जाणती माणसे बोलून दाखवतात. अशी शंका घेणाऱ्यांना अडाणी ठरवून मोकळे होणे मला मान्य नाही. लस तयार व्हायला दहा-दहा वर्षे लागतात, हे त्यांनी आजवर ऐकलेले आहे आणि १९६७ साली मान्यता मिळालेली गालगुंडाची लस चार वर्षांत तयार झाली, याचेच तेव्हा अप्रूप होते. म्हणून वेळ नेमका कुठे वाचला आणि कुठे वाचवणे शक्यच नव्हते, हे लोकांपुढे नीट मांडले गेले पाहिजे.

विषाणूचा जनुकीय क्रम जानेवारी २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात जगापुढे आला आणि १६ मार्चला मॉडर्नाच्या लशीचा पहिला डोस चाचणीतील स्वयंसेवकाला दिला गेला. ही दोन महिन्यांची झेप दिसते, पण तिच्या मागची वर्षे दिसत नाहीत. ही लस आरएनएवर, म्हणजे कोणते प्रथिन बनवायचे हे पेशीला सांगणाऱ्या रेणूवर, आधारलेली आहे; पण बाहेरून दिलेला आरएनए शरीरात दाह निर्माण करतो, ही मोठी अडचण होती. त्याच्या घटकांत योग्य बदल केल्यास हा दाह टळतो, हे कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन या शास्त्रज्ञांनी २००५ सालीच दाखवले होते. लस शरीराला ज्याची ओळख करून देते, त्या विषाणूवरील काटेरी प्रथिनाचा प्रश्न तर आणखी नाजूक होता. हे प्रथिन पेशीला भिडताना आपला आकार बदलते, आणि बदललेल्या आकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे फारशी कामाची नसतात. त्यातील दोन अमिनो आम्लांच्या (प्रथिनाच्या घटकांच्या) जागी प्रोलीन हे दुसरे अमिनो आम्ल बसवले की प्रथिन मूळ आकारात टिकून राहते, ही युक्ती बार्नी ग्रॅहम, जेसन मॅक्लेलन या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मर्स या कोरोना कुळातीलच रोगाच्या विषाणूवर काम करताना शोधली व २०१७ साली प्रसिद्ध केली. ग्रॅहम आणि मॅक्लेलन यांनी त्याआधी आरएसव्ही या श्वसनरोगाच्या विषाणूवर काम केले होते. त्या रोगावरील १९६०च्या दशकातील लस टोचलेल्या बाळांना संसर्ग झाल्यावर आजार उलट अधिक तीव्र झाला आणि दोन बाळे दगावली. लस चुकली तर काय घडते, याची ती जाणीव या क्षेत्रात आजही पुसली गेलेली नाही.

बाकीचा वेळ वाचला तो कामे एकामागून एक करण्याऐवजी एकाच वेळी केल्यामुळे. चाचण्यांचे निकाल येण्याआधीच उत्पादन सुरू झाले. लस निरुपयोगी ठरली असती तर तयार साठा फेकून द्यावा लागला असता, आणि हा धोका सरकारांनी सार्वजनिक पैशातून पत्करला. धोका पैशाचा होता, स्वयंसेवकांच्या सुरक्षिततेचा नव्हे.

जे लवकर उरकता येत नाही, ते आहे वाट पाहणे. फायझर-बायोएनटेकच्या मुख्य चाचणीत ४३ हजारांहून अधिक लोक होते. निम्म्यांना लस, निम्म्यांना मिठाचे पाणी. कोणाला काय मिळाले, हे ना त्यांना ठाऊक होते ना त्यांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना. त्यातील पुरेसे लोक आजारी पडेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो. अखेर दुसऱ्या डोसनंतर आठवडाभराने पुढे मोजलेल्या १७० रुग्णांपैकी १६२ मिठाचे पाणी मिळालेले होते आणि ८ लस घेतलेले. साथ जोरात होती म्हणूनच हा आकडा काही महिन्यांत गाठला गेला, ही त्यातील दुःखद बाजू.

चाचण्या थांबवल्याही गेल्या. सप्टेंबर २०२०मध्ये एका स्वयंसेवकाच्या आजारामुळे ऑक्सफर्डच्या लशीची चाचणी जगभर थांबली आणि तपासानंतरच टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या लशीत प्रथिन स्थिर ठेवण्यासाठी एचआयव्हीच्या प्रथिनाचा एक निरुपद्रवी तुकडा वापरला होता. त्यामुळे लस घेतलेल्यांच्या काही एचआयव्ही चाचण्या चुकून सकारात्मक येऊ लागल्या, तेव्हा डिसेंबरमध्ये ती लसच सोडून देण्यात आली. अर्थात, लाखांत एखाद्याला होणारा दुष्परिणाम चाळीस हजारांच्या चाचणीत दिसेलच असे नाही. रक्तात गुठळ्या होण्याचा दुर्मीळ प्रकार काही लसींच्या बाबतीत लसीकरण सुरू झाल्यावरच ध्यानात आला. ही मर्यादा आधीच मोकळेपणाने सांगितली असती, तर पुढचा अविश्वास पुष्कळ कमी झाला असता, असे माझे ठाम मत आहे.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच दिरंगाईची. इबोलावरील लस माकडांचे रक्षण करते, हे २००५ सालीच सिद्ध झाले होते. माणसांवरील चाचण्यांना मुहूर्त लागला तो २०१४च्या साथीत, आणि त्या साथीने अकरा हजारांहून अधिक बळी घेतले. टेक्सासमधील शास्त्रज्ञ पीटर होटेझ यांच्या गटाने सार्स या कोरोना कुळातीलच आधीच्या रोगावरील लस २०१६पर्यंत तयार केली होती, पण तोवर सार्स विस्मरणात गेला होता आणि मानवी चाचणीसाठी कोणी पैसा दिला नाही. साथ ओसरली की निधी आटतो आणि पुढची साथ आली की शास्त्रज्ञांना ‘लवकर करा’ म्हणून धारेवर धरले जाते. सरकारांनी प्रयोगशाळांना साथ नसतानाच्या काळात, निदान दहा वर्षांच्या हमीने पैसा द्यावा आणि लसीकरणानंतरच्या देखरेखीसाठी त्यातला वाटा आधीच राखून ठेवावा.

आपल्याला एक विनंती आहे. लशीची बातमी देताना ‘९५ टक्के परिणामकारक’ एवढेच न छापता किती जणांवर चाचणी झाली, दोन्ही गटांत किती आजारी पडले आणि त्यांच्यावर किती महिने लक्ष ठेवले गेले, हे तीन आकडे सोबत द्यावेत.

आपला नम्र,
एक वाचक