एकाच घरातील दोन पेन्शनी

महोदय,

निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर आपल्या स्तंभात कर्मचारी, करदाते आणि अर्थतज्ज्ञ या सर्वांची पत्रे येत असतात. परंतु ज्यांचे पोट याच पगारावर आणि पेन्शनवर चालते, पण ज्यांना ना मताचा अधिकार आहे ना संघटना, त्या आम्हा पाळीव प्राण्यांचे म्हणणे कोणी विचारलेले नाही. म्हणून हा पत्रप्रपंच. मी सातारा जिल्ह्यातील एका शिक्षक कुटुंबात वाढलेला गावठी कुत्रा आहे.

घरातील आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या सूनबाई त्याच जिल्हा परिषदेत 2006 साली शिक्षिका म्हणून रुजू झाल्या. आजोबांना शेवटच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते, त्यावर महागाई भत्ता वाढत जातो आणि या पेन्शनसाठी त्यांच्या पगारातून कधी एक पैसाही कापला गेला नव्हता. सूनबाईंच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्यातून मात्र दरमहा 10 टक्के कापले जातात, सरकार 14 टक्के घालते, ती रक्कम बाजारात गुंतवली जाते आणि शेवटी हाती किती पडेल ते बाजार ठरवतो. काम तेच, मालक तोच. फरक एवढाच की 1 नोव्हेंबर 2005 ही तारीख दोघांच्या मधोमध आली; तिच्या आधी रुजू झालेल्यांना जुनी योजना, नंतरच्यांना नवी.

माझी जागा टेबलाखाली असल्यामुळे मला कागद दिसत नाहीत, पाय दिसतात. महागाई भत्त्याची बातमी आली की आजोबा वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात आणि त्यांचे पाय चपलेत निवांत असतात. सूनबाई अंशदानाची, म्हणजे पेन्शनसाठी कापलेल्या रकमेची, हिशेब चिठ्ठी घेऊन बसल्या की त्यांची टाच फरशीवर आपटत राहते, कारण सुरुवातीच्या काही वर्षांची कपात पगारपत्रकात आहे आणि चिठ्ठीत नाही. त्यासाठी त्यांनी कार्यालयात किती खेटे घातले, हे त्यांच्या चपलांचा वास घेणाऱ्या मला पुरेपूर ठाऊक आहे. जुन्या पेन्शनच्या मागणीला लोभ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की नव्या योजनेवरचा राग केवळ रकमेचा नाही, तो न जुळणाऱ्या हिशेबाचाही आहे.

14 मार्च 2023 रोजी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातील लाखो सरकारी व निमसरकारी कर्मचारी संपावर गेले, तेव्हा 1977-78 चा 54 दिवसांचा संप पाहिलेल्या आजोबांनी सूनबाईंना निघताना पाण्याची बाटली आणि टोपी दिली. माझा त्या संपाला पाठिंबा होता, आजही आहे. परंतु नेमका त्याच आठवड्यात माझा कान सडला होता आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कुलूप होते. माझे एक वेळ सोडा. शेजारची गाय अडली तेव्हा मालकाला रात्री खासगी डॉक्टर शोधत फिरावे लागले. त्याच सुमारास राज्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली आणि पंचनामे रखडले. संपाची झळ मंत्रालयापर्यंत पोहोचण्याआधी गोठ्यापर्यंत पोहोचते, याचा विचार संप पुकारणाऱ्या संघटनांच्या समन्वय समितीने करायला हवा होता.

सरकारची वागणूक तर याहून अनाकलनीय. जुनी योजना लागू केल्यास 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल, असे तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी डिसेंबर 2022 मध्ये विधानसभेत सांगून विषय मिटवला होता. मग मार्चमध्ये संप सुरू होताच तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती कशी नेमता आली, आणि 20 मार्चला जी चर्चा होऊन संप मिटला ती 13 मार्चच्या आत का होऊ शकली नाही? (एकच टर्म आमदार राहिलेल्यांना दरमहा 50,000 रुपये निवृत्तिवेतन देताना बोज्याची अशी चर्चा माझ्या कानी आली नाही, आणि माझे कान तिखट आहेत.)

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि राज्य मंत्रिमंडळाने लगेच ती स्वीकारली. शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या 50 टक्के पेन्शन, हे वाचून आजोबांना प्रश्न सुटल्यासारखे वाटले. पण त्याला 25 वर्षांच्या सेवेची अट आहे. राज्यात खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षांपर्यंत नोकरीत येता येते आणि बहुतेकांना 58 व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते. म्हणजे भरती रखडल्यामुळे उशिरा लागलेल्यांना, त्यांचा दोष नसताना, प्रमाणात कमीच मिळणार. सेवा दहा वर्षे झाल्यास किमान 10,000 रुपयांची हमी आहे खरी. आमच्या जातीत दहा वर्षांची राखण म्हणजे जवळजवळ अख्खा जन्म, पण माणसाला त्यापुढेही बरेच जगायचे असते.

तेव्हा कर्मचाऱ्यांना बाजारावरची योजना की एकीकृत योजना हा पर्याय निवडायला लावण्याआधी प्रत्येकाच्या कपातीचा पहिल्या महिन्यापासूनचा हिशेब सरकारने पूर्ण करून द्यावा आणि उशिरा रुजू झालेल्यांसाठी 25 वर्षांची अट शिथिल करावी. संघटनांना विनंती इतकीच की पुढच्या संपाची नोटीस देताना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात निदान एक माणूस तातडीच्या रुग्णांसाठी ठेवावा.

आपला विश्वासू,
मोती
(जि. सातारा)