काँगो कोसळले ते कोणत्या क्रमाने?

संपादक,
स. न. वि. वि.

‘टोळ्यांच्या वैरामुळे काँगो स्वातंत्र्यानंतर कोसळले’ हे ठरलेले वाक्य पुन्हा वाचनात आले. कसाई प्रांतात लुबा आणि लुलुआ या जमातींत १९५९ पासून रक्तपात चालू होता, हे खरेच. पण ३० जून १९६० ला बेल्जियमपासून स्वातंत्र्य मिळाले, त्यानंतरच्या तारखा ओळीने लावल्या, तर आधी मोडले ते लष्कर.

सुमारे २५ हजारांच्या ‘फोर्स पुब्लिक’ या वसाहतकालीन लष्करामध्ये एकही काँगोली अधिकारी नव्हता, हजारेक अधिकारी सगळे बेल्जियन. ५ जुलैला सेनापती जान्सेन्स यांनी सैनिकांसमोर फळ्यावर लिहिले : ‘स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर’. त्याच दिवशी राजधानी लिओपोल्डविल आणि थिसविलच्या छावण्यांत बंड पेटले. पंतप्रधान लुमुम्बांनी सगळ्या सैनिकांना सरसकट एकेक हुद्दा वर चढवले, म्हणजे लष्करात साधा शिपाईच उरला नाही! जान्सेन्सना काढले आणि चीफ ऑफ स्टाफ नेमले मोबुटू. काही वर्षांपूर्वी लष्करातली कारकुनी सोडून पत्रकार झालेले. ही नेमणूक लुमुम्बांना पुढे फार महागात पडली.

१० जुलैला बेल्जियमने काँगो सरकारला न विचारता सैन्य उतरवले. दुसऱ्याच दिवशी कटांगा प्रांताचे नेते चोम्बे यांनी प्रांत काँगोपासून वेगळा झाल्याचे जाहीर केले. तांबे, कोबाल्ट, युरेनियम तिथलेच; ‘युनियन मिनिएर’ ही खाणकंपनी कर चोम्बेंकडे भरू लागली आणि केंद्राची तिजोरी आटली. याला निव्वळ टोळीवाद कसे म्हणायचे?

राज्यघटनाही घाईतली. स्वातंत्र्याची तारीख जानेवारीत ब्रुसेल्सला ठरली, ‘मूलभूत कायदा’ म्हणजे हंगामी घटना १९ मेची. त्याच्या कलम २२ नुसार मंत्र्यांची नेमणूक आणि बडतर्फी राष्ट्रप्रमुखाकडे, पण सरकार संसदेला जबाबदार. ५ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष कासावुबूंनी रेडिओवरून लुमुम्बांना बडतर्फ केले, लुमुम्बांनी रेडिओवरूनच त्यांना! कनिष्ठ सभागृहाने दोन्ही बडतर्फ्या रद्द ठरवल्या. १४ सप्टेंबरला मोबुटूंनी सत्ता हाती घेतली. १७ जानेवारी १९६१ ला कटांगात लुमुम्बांची हत्या झाली.

कटांगाची फुटीरता मोडून काढायला जानेवारी १९६३ उजाडले. संयुक्त राष्ट्रांच्या त्या मोहिमेत भारतीय ब्रिगेड होती. कटांगाची राजधानी एलिझाबेथविलला ५ डिसेंबर १९६१ रोजी धारातीर्थी पडलेले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. आपल्याकडच्या लेखांत निदान एवढा उल्लेख तरी यायला हवा.

– एक वाचक