रणगाड्याचे वजन वाढवून भागणार नाही

महोदय,

युक्रेनमधील जळालेल्या रणगाड्यांची दृश्ये पाहिल्यापासून ‘रणगाड्याचे दिवस भरले’ हे मत आमच्या बेळगाव-खानापूर भागातही, जिथे गावोगावी माजी सैनिक आहेत, सर्रास ऐकू येते. पायदळात रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र हाताळलेला माणूस म्हणून मला ते अर्धेच खरे वाटते.

आम्ही वापरत असलेले मिलान क्षेपणास्त्र मागे उलगडत जाणाऱ्या तारेतून मिळणाऱ्या सूचनांवर चालायचे. दोन किलोमीटरवरच्या रणगाड्यापर्यंत पोहोचायला त्याला सुमारे १२ सेकंद लागतात आणि तेवढा वेळ, समोरून मशीनगनचा मारा होत असला तरी, नेमबाजाला दुर्बिणीतली फुली लक्ष्यावरून ढळू न देता जागेवर बसून राहावे लागते. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धात इजिप्तच्या पायदळाने सिनाईत तारेवरच्याच सॅगर क्षेपणास्त्रांनी इस्रायली रणगाडे फोडले, तेव्हाही रणगाडा संपल्याचे बोलले गेले. प्रत्यक्षात ते रणगाडे पायदळ आणि तोफखान्याची पुरेशी साथ नसताना पुढे धाडले गेले होते, आणि त्याच युद्धात इस्रायलचे रणगाडे पुढे सुएझ कालवा ओलांडून गेले.

आता मात्र अमेरिकेचे जॅव्हेलिन किंवा आपले नाग क्षेपणास्त्र डागल्यावर स्वतःच लक्ष्य गाठते आणि वरून, म्हणजे टरेटच्या (तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजाच्या) पातळ छतावर आदळू शकते. त्यात स्वस्त ड्रोनची भर पडली आहे. चहूबाजूंनी जाड पोलाद चढवणे हा यावर उपाय नव्हे. आपला अर्जुन मार्क-१ए रणगाडा आताच ६८ टनांचा आहे, आणि पंजाबातील कालव्यांवरचे पूल व तिथली ओली जमीन वजनाची गय करत नाहीत. १९६५ मध्ये पंजाबातल्याच असल उत्तरला कालव्याचे पाणी सोडलेल्या उसाच्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतले, आणि जीपवरच्या तोफेने रणगाडे टिपणारे हवालदार अब्दुल हमीदही तिथेच लढले.

तरीही गेलेली जमीन परत घ्यायची तर माऱ्याखालून पुढे सरकणारी तोफ लागतेच. म्हणून तर स्वतः रशियाचे शेकडो रणगाडे फोडणाऱ्या युक्रेनने २०२३ मध्ये जर्मन बनावटीचे लेपर्ड रणगाडे मागून घेतले. लडाखसाठी घडवला जाणारा २५ टनी जोरावर हा हलका रणगाडा डोंगरात योग्यच आहे, पण मैदानात तो आपल्या मुख्य टी-९० रणगाड्याची जागा घेणार नाही.

मला खरी काळजी आपल्या रशियन बनावटीच्या टी-७२ आणि टी-९० रणगाड्यांची वाटते. त्यांचे बरेचसे गोळे टरेटखाली, जवानांच्या पायाशीच रचलेले असतात. क्षेपणास्त्राच्या स्फोटातून निघणारी धातूची धार आत शिरली की ते पेटतात आणि अख्खे टरेट उडते. येणारे क्षेपणास्त्र रडारने हेरून अंगावर आदळण्याआधीच फोडणारी यंत्रणा इस्रायलचे मेरकावा रणगाडे २०११ पासून लढाईत वापरत आहेत. आणखी जड रणगाड्याचा विचार करण्याआधी अशी यंत्रणा, ड्रोनपासूनच्या बचावासह, आपल्या टी-९०वर बसवण्यासाठी संरक्षण मंत्रालयाने निधी द्यावा, आणि पायदळाशिवाय रणगाडे पुढे काढायचे नाहीत ही शिस्त प्रत्येक सरावात कसोशीने पाळली जावी. त्या प्रत्येक टी-९०मध्ये आपले तीन जवान बसलेले असतात.

– एक माजी सैनिक, खानापूर, जि. बेळगाव