कंजूष शेवटच्या पाच मिनिटांत सुधारतो कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी रंगभूमी दिन तोंडावर आला आहे. त्याच्या आगेमागे सांगली, मिरज, कराड, सातारा इथल्या हौशी संस्थांच्या स्पर्धेच्या तालमी रंगात येतात. या संहितांमध्ये एक ठरलेले पात्र बऱ्याचदा भेटते. कधी तो चिक्कू म्हातारा असतो, कधी खासगी सावकार, कधी घरातलाच काका. दोन अंक तो सगळ्यांना छळतो. मग शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी त्याला चार खडे बोल सुनावते, त्याचे डोळे उघडतात आणि तिजोरीच्या किल्ल्या सुनेच्या हातात जातात. टाळ्या पडतात, पण कुणाला ते मनापासून पटलेले नसते. त्यामुळे लोभी माणूस बदलतच नाही, हे सगळे नाटकातच घडते, असा ग्रह आणखी पक्का होतो. आमचे मत उलट आहे. लोभी माणूस बदलतो आणि मोठ्या लेखकांनी तो बदल पटेल असा दाखवलाही आहे. मात्र त्यासाठी संहितेत जी मांडणी आधीपासून करावी लागते ती आपण करत नाही. हे पत्र त्यासाठीच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत पाण्याचा तांब्याही मोजून वापरणारी घरे आहेत. ती काटकसर आहे. तिची रंगमंचावर टिंगल होते तेव्हा वाईट वाटते. तुकोबांनी ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें’ म्हटले तेव्हा धन जोडण्याला नावे ठेवलेली नाहीत. पुढचा चरण ‘उदास विचारें वेच करी’ असा आहे. कंजूष ओळखायचा तो दोन खुणांवरून. त्याच्याकडे भरपूर असते, आणि तरीही तो दुसऱ्याच्या ताटातले काढतो.

फ्रेंच नाटककार मोलिएरच्या ‘लाव्हार’ (कंजूष) या नाटकातल्या हार्पागोंकडे पाहा. ९ सप्टेंबर १६६८ रोजी पॅरिसमध्ये त्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला आणि हार्पागोंची भूमिका खुद्द मोलिएरने केली. आचार्य अत्र्यांनी त्यावरूनच ‘कवडीचुंबक’ लिहिले. हार्पागोंने बागेत दहा हजार सुवर्णमुद्रांची पेटी पुरली आहे. घरात घोडे आहेत, पण चाऱ्यावाचून ते उभे राहू शकत नाहीत. दहाजण जेवायला येणार असतील तर आठजणांचा स्वयंपाक करा, असा त्याचा हुकूम. सामान पुसताना फार घासू नका, झिजेल, अशी नोकरांना ताकीद. तिसऱ्या अंकात कारभारी म्हणतो की जगण्यासाठी खावे, खाण्यासाठी जगू नये. हार्पागोंला हे वाक्य इतके आवडते की ते दिवाणखान्यात सोन्याच्या अक्षरांत कोरून घेण्याची भाषा तो करतो. व्याजाचा धंदाही आहेच. कर्जाच्या १५,००० फ्रँकपैकी ३,००० रोख न देता तो मोडके सामान गळ्यात मारतो, आणि त्या यादीत गवत भरलेले साडेतीन फुटी सरड्याचे कातडेही असते. ज्याला हे कर्ज मिळणार तो ऋणको त्याचा स्वतःचाच मुलगा निघतो. आपल्या भागात खासगी सावकारीच्या बातम्या वाचणाऱ्याला हा प्रवेश समजावून सांगावा लागत नाही.

हार्पागों शेवटी बदलत नाही. पेटी परत मिळाली, लग्नांचा खर्च दुसऱ्याने उचलला आणि लग्नासाठी नवे कपडेही फुकट मिळाले, एवढ्यावर तो मुलांच्या लग्नांना होकार देतो. त्याचे शेवटचे वाक्य लाडक्या पेटीकडे जाण्याचे आहे. त्या नाटकात हे योग्यच आहे, कारण पाचही अंकांत त्याला पेटीखेरीज काही गमावावे लागत नाही आणि ती पेटीही परत मिळते. ज्याचे सगळे जागच्या जागी राहिले त्याने बदलावे तरी कशाला? आपल्या संहिता नेमक्या इथे घसरतात. म्हाताऱ्याचे एक पैचे नुकसान होत नाही आणि तरीही त्याला उपरती होते.

याच नाटकाशेजारी ‘संगीत शारदा’ ठेवून वाचावे अशी आमची आग्रहाची सूचना आहे. गोविंद बल्लाळ देवल सांगलीला लागून असलेल्या हरिपूरचे, आणि ‘शारदा’ रंगभूमीवर आले १८९९ मध्ये. हार्पागों मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघतो कारण हुंडा द्यावा लागणार नाही, ‘हुंडा नाही!’ एवढेच पालुपद तो प्रत्येक आक्षेपावर लावतो. शारदेचा बाप कांचनभट तर म्हाताऱ्या भुजंगनाथाकडून मुलीबद्दल पैसा घेऊ पाहतो. हार्पागों उघडपणे पैशाचेच बोलतो. कांचनभटाच्या लोभाला मात्र रूढीचे पांघरूण आहे, म्हणून तो जास्त धोक्याचा. ही भूमिका करणाऱ्याने खलनायकी हसू आणले की देवलांनी केलेले काम वाया जाते. ज्या देवलांनी हा कन्याविक्रय करणारा बाप उभा केला, त्यांनीच ‘मृच्छकटिक’ मराठीत आणताना दान करून दरिद्री झालेला चारुदत्तही रंगवला. ही दोन्ही माणसे एका नटाने एकाच वर्षात करून पाहावीत.

मोलिएरने ज्याच्याकडून कथा घेतली त्या रोमन नाटककार प्लॉटसचा युक्लिओ मात्र बदललेला दिसतो. त्या नाटकाचा शेवट हरवला आहे, पण जुन्या सारांशांवरून कळते की सोन्याचे मडके परत मिळाल्यावर तो ते जावयाला देऊन टाकतो. उरलेल्या एका तुटक ओळीत कुणीतरी म्हणते, आणि ते युक्लिओचेच असणार, की रात्री ना दिवसा कधी स्वस्थता नव्हती, आता झोपेन. हा बदल पटतो, कारण पूर्ण नाटकभर तो मडके घेऊन पळत असतो. घरातून काढून देवळात लपवतो, देवळातून काढून राईत पुरतो, आणि दर वेळी लपवण्याच्या धडपडीतूनच चोराला सुगावा लागतो. मडके सांभाळणे ही त्याला शिक्षा झालेली आपण पाहिलेली असते.

आता ज्या कथेवरून आपल्याकडचे निम्मे ‘हृदयपरिवर्तन’ उचलले जाते ती, डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला ५ नोव्हेंबर १८४३ रोजी; त्यानंतर दीड महिन्याच्या आत, १९ डिसेंबरला, हे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. भुते येतात आणि कंजूष स्क्रूज सुधारतो, एवढेच लोकांच्या लक्षात राहते. लेखकांनी त्याची बांधणी तपासावी. पहिल्याच प्रकरणात स्क्रूज चार जणांना नकार देतो. भाच्याचे जेवणाचे आमंत्रण झिडकारतो, गरिबांसाठी वर्गणी मागायला आलेल्या गृहस्थांना हाकलतो, दाराशी गाणाऱ्या पोरावर रूळ उगारतो, आणि आठवड्याला १५ शिलिंगांवर राबणाऱ्या कारकुनाला शेगडीसाठी कोळसा मिळू देत नाही. शेवटी यांतल्या तिघांची परतफेड होते. कारकुनाच्या घरी नाव न सांगता मोठा टर्की पक्षी जातो आणि दुसऱ्या दिवशी पगार वाढतो. वर्गणीवाल्याला रस्त्यात गाठून तो मागची थकबाकी धरून रक्कम देतो. भाच्याच्या दारात जाऊन ‘जेवायला येऊ का’ असे विचारतो. चौथा, तो गाणारा पोरगा, पुन्हा सापडत नाही. त्याला काही द्यायला हवे होते ही चुटपुट स्क्रूजला दुसऱ्या प्रकरणातच लागते, आणि बदलाची पहिली चीर तिथेच दिसते. शेवटाच्या कितीतरी आधी.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याला कुणी प्रवचन देत नाही. कारकुनाचा आजारी मुलगा जगेल का, असे तो व्याकूळ होऊन विचारतो, तेव्हा भूत त्याचेच पहिल्या प्रकरणातले वाक्य त्याला ऐकवते: मरू दे, जादा लोकसंख्या कमी होईल. स्वतःचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे हा घाव कोणत्याही भाषणापेक्षा खोल जातो. संहिता लिहिणाऱ्याने कंजुषाला पहिल्या अर्ध्या तासात असे एक वाक्य द्यावे आणि मध्यंतरानंतर ते फिरवून त्याच्यावरच टाकावे.

मरण समोर दिसले की लोभ सुटतो, ही मात्र खात्री नाही. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकचा कंजूष ग्रांदे मरणशय्येवर असताना पाद्री चुंबन घेण्यासाठी सोन्याचा मुलामा दिलेला क्रूस पुढे करतो, तर हा तो हिसकावायला झेपावतो आणि त्या धडपडीतच मरतो. चित्रकार हिएरोनिमस बॉशने १५व्या शतकाच्या अखेरीस याच क्षणाचे एक अरुंद, उभे चित्र केले. ते आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. बिछान्यावर बसलेला मरणासन्न माणूस, दारातून बाण घेऊन आत येणारा मृत्यू, खांद्यावर हात ठेवून खिडकीतल्या क्रूसाकडे बोट दाखवणारा देवदूत, आणि पडद्याखालून पैशाची थैली पुढे करणारे पिशाच्च. पायथ्याशी एक म्हातारा पेटीत नाणी टाकतो आहे, आणि त्याच्या कमरेला जपमाळ आहे. मरणाऱ्याचा हात थैलीच्या दिशेला आहे. तो ती घेणार की नाही, हे बॉशने ठरवून टाकलेले नाही. नेपथ्य आणि प्रकाशयोजना करणाऱ्यांनी या चित्राची मोठी प्रत मिळवून पाहावी.

आपल्या परंपरेत यापेक्षा पुढचे आहे. भागवताच्या ११व्या स्कंधात २३व्या अध्यायात अवंतीचा एक कदर्यू, म्हणजे कंजूष, ब्राह्मण येतो. एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या भागवतात ही कथा विस्ताराने ओवीबद्ध आहे. याचे धन काही नातलग नेतात, काही चोर, काही राजा, काही काळ. सगळे गेल्यावर घरचे टाकतात, आणि मग पैशापोटी होणाऱ्या १५ अनर्थांची यादी तो स्वतःच मांडतो. कथा इथे संपत नाही, हे महत्त्वाचे. तो भिक्षू होऊन फिरतो तेव्हा लोक त्याचे कमंडलू हिसकावतात, त्याच्यावर थुंकतात, आणि म्हणतात की पैसा संपला, घरच्यांनी हाकलले, म्हणून हा साधू झाला. बदललेल्या लोभ्यावर लगेच कुणी विश्वास ठेवत नाही. डिकन्सनेही शेवटी लिहिले आहे की काही लोक स्क्रूजला हसले आणि त्याने त्यांना हसू दिले. आमच्या वाचनात तरी हे दोनच लेखक इतके खरे वागले आहेत.

पुरंदरदासांची कथा कानडी मुलखात घरोघरी आहे आणि मिरजेपलीकडे ती माहीत नसलेला माणूस विरळा. कथेप्रमाणे ते आधी श्रीनिवास नायक नावाचे बडे जवाहिरे. गरीब ब्राह्मण मुलाच्या मुंजीसाठी मागायला येतो, त्याला ते टाळतात. तो त्यांच्या पत्नीकडे जातो, ती आपली नथ देते, आणि ब्राह्मण तीच नथ नायकांच्या पेढीवर विकायला आणतो. नथ ओळखून ते ती पेटीत कुलूपबंद करतात आणि घरी बायकोला जाब विचारतात. पुढे चमत्कार आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी नाट्य उरतेच. ज्याला आपण नाही म्हटले त्याला आपल्याच घरातून दिले गेले, हे त्याला कळते. एकांकिकेसाठी याहून चांगला ऐवज कुठे मिळणार?

प्रयोगातल्या दोन चुका सांगतो. पहिली थैलीची. चांदीचा जुना रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. शंभर रुपये सव्वा किलोच्या जवळ जातात आणि हजार रुपये पावणेबारा किलो. तरी आमचे नट हजाराची थैली बोटावर झुलवतात. हार्डवेअरच्या दुकानातले ३० मिलीमीटर व्यासाचे जाड वॉशर जाड कापडाच्या, दुहेरी शिवणीच्या थैलीत वजन करून भरावेत. दोन्ही हात लागले की चाल आपोआप बदलते. विटा-खानापूरकडचे गलाईचे, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यातले, जाणकार ओळखीचे असतील तर खऱ्या चांदीचे वजन एकदा हातात घेऊन पाहावे. आणि ती थैली वाजवू नये. कंजुषाला सगळ्यात मोठी भीती आवाज बाहेर जाण्याची असते.

दुसरी चूक वेशभूषेची. फाटके धोतर, भोके पडलेली बंडी म्हणजे कंजूष, हे समीकरण सोडावे. मोलिएरच्या मृत्यूनंतर १६७३ मध्ये त्याच्या सामानाची यादी झाली, तीत हार्पागोंचा पोशाख काळ्या साटिनचा आणि काळ्या रेशमी लेसचा आहे. जुन्या पद्धतीचा, पण नीट राखलेला. आपल्याकडे वीस वर्षे जपलेला, इस्त्रीचा, कॉलर उलटवून शिवलेला शर्ट हे काम करील.

शेवटच्या प्रवेशाबद्दल लेखकांना एवढेच म्हणायचे आहे की किल्ल्या दिल्यावर पडदा पाडू नका. ज्या शेजाऱ्याला, नोकराला, भावाला पहिल्या अंकात नाही म्हटले, त्याच्या दाराशी त्या माणसाला पाठवा. समोरच्याने त्याच्यावर विश्वास ठेवू नये, पैसे मोजून घ्यावेत, हवे तर दार लावून घ्यावे. नटाला तिथे वाक्य देऊ नका. दोन अंकी नाटकात याला सात-आठ मिनिटे लागतात, आणि ती उपदेशाच्या भाषणातून सहज निघतात.

आपले,
सांगलीतील काही हौशी रंगकर्मी